ठेका संगणकात नेताना

रोलँड कंपनीने 1985 साली ‘पॅड-8’ नावाचा आठ रबरी पॅडांचा जो खोका बाजारात आणला, त्याला स्वतःचा आवाज नव्हता. त्यावर काठी पडली की तो फक्त एक संदेश पाठवायचा: अमुक पॅड, अमुक जोराने वाजला. आवाज काढण्याचे काम मिडीच्या केबलने जोडलेल्या दुसऱ्या यंत्राचे. पुढे 1990च्या सुमारास एसपीडी-8मध्ये आवाज आतच बसवले गेले, 1998च्या एसपीडी-20मध्ये त्यांची संख्या सातशेवर गेली, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या बेंजो पार्टीपर्यंत आपल्याकडे सगळ्यांनी या वाद्याला ‘ऑक्टोपॅड’ म्हणून जवळ केले. मूळचा पॅड कंट्रोलर अशा रीतीने पूर्ण वाद्य झाला. मागची मिडीची खाच मात्र तशीच राहिली, आणि बहुतेक ऑक्टोपॅडवाल्यांनी ती कधी वापरलीच नाही. घरच्या संगणकावर गाणे रेकॉर्ड करणाऱ्या मुलांपुढे आज जो प्रश्न आहे, त्याचे अर्धे उत्तर त्या खाचेत आहे. प्रश्न असा: गाण्याचा ताल माऊसने मांडायचा, तयार लूप लावायचा, की पॅडवर वाजवून भरायचा?

मुंबईच्या विक्रोळीसारख्या उपनगरात या प्रश्नाला जागेचा संदर्भ आहे. पार्कसाइटच्या टेकडीवरची वस्ती, सूर्यनगर, पूर्वेची कन्नमवारनगर आणि टागोरनगर या जुन्या वसाहती. इथे रेकॉर्डिंगची खोली म्हणजे घराचीच एक खोली. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सदनिकेचे क्षेत्रफळ आधी 225 चौरस फूट होते, मग 269 झाले, आता 300 आहे. तेवढ्या जागेत ढोलकी माइकसमोर वाजवली तर कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि जिन्यावरची बोलणी सगळी त्याच ट्रॅकवर येतात, आणि ढोलकीचा आवाज चार घरांत जातो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठेवली आहे. दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करणाऱ्याला रेकॉर्डिंगसाठी उरतात ते रात्रीचेच तास. हेडफोन लावून पॅडवर वाजवणे ही इथे गरज आहे. चौदा एप्रिलसाठी भीमगीत, गणपतीसाठी मंडळाचे गाणे, एखाद्या मित्राचे रॅप यांतले बरेच काम असेच उभे राहते. आणि याच वस्त्यांत काठीने ताल धरणारे तयार हात आहेत, जे जगातल्या कित्येक शहरांत शोधूनही मिळणार नाहीत.

माझे म्हणणे असे की ताल पॅडवरच वाजवावा. पण पॅडचा उपयोग तेव्हाच, जेव्हा वाजवणाऱ्याच्या हातातली बारीक वेळ आणि जोर सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा शिल्लक राहतो. बऱ्याच ठिकाणी पॅड असतो, वाजवणाराही चांगला असतो, आणि दोघांच्या मधे बसलेल्या दोन-तीन सेटिंग त्या वाजवण्याची चव घालवतात. मग निकाल लागतो की पॅडवर ढोलकी वाजतच नाही. हा निकाल चुकीचा आहे, आणि तो कसा चुकतो हे नीट पाहायला हवे.

आधी तालाच्या चौकटींचा इतिहास. रॉजर लिन यांच्या 1980च्या एलएम-1 या यंत्रात खऱ्या ड्रमचे नमुने प्रथम आले, आणि वाजवलेला ठोका जवळच्या रेषेवर आपोआप नेऊन बसवण्याची सोयही आली. तिलाच आज क्वांटाइझ म्हणतात. त्याच लिन यांनी अकाई कंपनीसाठी केलेल्या 1988च्या एमपीसी-60मुळे चार बाय चार अशी सोळा पॅडांची मांडणी रूढ झाली, आणि ती आजच्या स्वस्त कंट्रोलरपर्यंत चालत आली. दुसरीकडे रोलँडच्या टीआर-808वर सोळा बटणांची रांग होती; 1990च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फ्रूटीलूप्समध्ये, म्हणजे आजच्या एफएल स्टुडिओत, तीच रांग सोळा चौकोन होऊन पडद्यावर आली. ही सोळा घरे चार-चारच्या पाश्चात्त्य नाचासाठी उत्तम आहेत. मुंबईतच 1982 साली चरणजित सिंग यांनी टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बांधले. ती ध्वनिमुद्रिका आजही ताजी वाटते, कारण त्यांनी यंत्राकडून तबल्याची अपेक्षाच केली नाही. ठोका यंत्राचा, चलन रागाचे, असा साफ वाटा केला. अडचण येते ती त्याच सोळा घरांत लावणीची ढोलकी किंवा गोंधळाचा संबळ कोंबायला गेल्यावर. कोळीगीताचा सहा मात्रांचा दादरा तर त्यात सरळ मावतच नाही, कारण सोळाला सहाने भाग जात नाही. घरांची संख्या बदलता येते. पण सॉफ्टवेअर उघडताच समोर सोळा घरे येतात, आणि नवशिक्याचे गाणे त्या सोळांच्या वळणानेच जाते.

आता हिशेब. 120च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा. सोळाच्या चौकटीवर पूर्ण क्वांटाइझ केले की एखादा बोल जास्तीत जास्त 62 मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे ढकलला जातो. चांगला ढोलकीपटू लग्गी घेताना एक बोल किंचित ओढतो, दुसरा किंचित लवकर सोडतो. ही ओढाताण या 62 मिलिसेकंदांच्या आतच असते, म्हणजे क्वांटाइझ ती संपूर्ण पुसते. यावर ‘स्विंग’ची टक्केवारी वाढवा असा उपाय सांगितला जातो. स्विंग प्रत्येक दुसऱ्या घराला सारखाच उशीर देतो. ठेक्यातला उशीर सारखा नसतो. समेच्या आधी तो वेगळा, उठानात वेगळा, गाणारी ओळीवर थांबली तर आणखी वेगळा. म्हणून स्विंगने ठेका डुलतो खरा, पण प्रत्येक आवर्तनात तसाच डुलतो, आणि तिसऱ्या आवर्तनाला कान कंटाळतो. रेकॉर्ड करतानाच क्वांटाइझ होण्याची सोय बंद ठेवणे ही माझ्या मते पहिली अट आहे, कारण तिथे गेलेली वेळ परत मिळत नाही. नंतर दुरुस्ती करायचीच असेल तर चुकलेला एकच बोल पकडून सरकवावा, किंवा क्वांटाइझची ताकद तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवावी, म्हणजे बोल रेषेकडे सरकतो पण रेषेवर जाऊन बसत नाही. उलटी वाटही आहे आणि तिचा आपल्याकडे फारच कमी उपयोग होतो: एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाजवलेल्या तुकड्यातून त्याची ‘ग्रूव्ह’ काढून ती दुसऱ्या ट्रॅकना लावता येते. म्हणजे ढोलकीला यंत्राच्या चौकटीत बसवण्याऐवजी टाळ, चिपळ्या आणि सिंथ यांना ढोलकीच्या चालीवर चालायला लावता येते.

दुसरी सेटिंग लेटन्सीची, म्हणजे काठी पडल्यापासून कानात आवाज येईपर्यंतच्या उशिराची. डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात संगणकावरच्या वाद्यासाठी 10 मिलिसेकंदांची कमाल मर्यादा सुचवली होती, आणि हा उशीर कमी-जास्त होत राहण्याची मर्यादा अवघी 1 मिलिसेकंद. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या नंतरच्या प्रयोगांतही वादकांना स्थिर 10 मिलिसेकंद चालले, पण तेच तीन मिलिसेकंदांनी मागेपुढे हलू लागले की नकोसे झाले. घरच्या लॅपटॉपवर काय होते? साउंड कार्डचा बफर 128 नमुन्यांचा असेल तर 44.1 किलोहर्ट्झला त्याचा उशीर सुमारे 3 मिलिसेकंद, 512ला साडेअकरा, 1024ला 23. त्यात बाकीच्या टप्प्यांची भर पडते. ब्लूटूथ हेडफोन लावला तर गणित शंभराच्या पुढे जाते आणि वाजवणे अशक्य होते. हे एकच कारण कितीतरी चांगल्या पॅडांना बदनाम करून गेले आहे. मिडीची तार स्वतः निर्दोष आहे. ती सेकंदाला 31,250 बिट वाहून नेते, एका ठोक्याच्या संदेशाला 30 बिट लागतात, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. उशीर करतो तो संगणक, आणि विंडोजवर तरी त्याचा बराचसा इलाज साउंड कार्डचा योग्य असियो ड्रायव्हर व लहान बफर हाच आहे.

इथे ऑक्टोपॅडची बाजू नव्या सोळा पॅडांच्या कंट्रोलरपेक्षा वरचढ ठरते, आणि हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज आहे. वाजवणाऱ्याने हेडफोन ऑक्टोपॅडलाच लावावा, गाण्याचा ट्रॅक त्याच्या मिक्स इनपुटमधून घ्यावा, आणि संगणकाला फक्त मिडीची नोंद करू द्यावी. कानाला उशीर जाणवतच नाही, हात मोकळा चालतो. नोंद सगळीकडे सारख्याच अंतराने उशिरा पडली असेल तर पूर्ण ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवता येतो. एसपीडी-30ला यूएसबी आहे. जुन्या एसपीडी-20ला पाच पिनची गोल खाच आहे आणि मिडी ते यूएसबी केबल लागते. मिरवणुकीत वर्षानुवर्षे चाललेले वाद्य असे एका केबलने रेकॉर्डिंगच्या कामाला येते, आणि नवा कंट्रोलर घेण्याचे पैसे साउंड कार्डला लावता येतात. यावर कोणी म्हणेल, मग सरळ ऑक्टोपॅडचा ऑडिओच रेकॉर्ड करा, मिडीची भानगड कशाला? ऑडिओ जरूर घ्यावा, पण सोबत मिडीही घ्यावी. ऑडिओत सातशेपैकी जो आवाज निवडला तो कायमचा बसतो. मिडीत वाजवणे एकीकडे आणि आवाज दुसरीकडे राहतो. गायकाने ऐन वेळी पट्टी काळी दोनवरून काळी चारवर नेली, तर मिडीच्या ट्रॅकवर नव्या पट्टीत लावलेल्या ढोलकीचे नमुने जोडता येतात, वाजवणे तेच राहते. ऑडिओची ढोलकी दोन-तीन सुरांपेक्षा जास्त ओढली की पत्र्यासारखी वाजते.

जोराची, म्हणजे व्हेलॉसिटीची, बाजू थोडक्यात. मिडीत जोराचे 1 ते 127 टप्पे असतात, पण पॅडचा जोराचा आलेख हाताशी जुळवला नाही तर निम्मे ठोके 127वर जाऊन आदळतात आणि हलके बोल गळतात. ताशाची तर्री घ्यावी: दोन बारीक काठ्यांचे भरभर ठोके, प्रत्येकाचा जोर वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये तिथे एकच नमुना असेल तर ती तर्री न राहता यंत्राची घरघर होते. एका बोलाचे निदान चार-पाच वेगवेगळे नमुने घेऊन ते आलटून-पालटून लागतील अशी सोय करावी लागते, आणि बऱ्याच सॅम्पलरमध्ये ती आहे. ढोलकीच्या मोठ्या तोंडाचा घुमारा मात्र खरोखर कठीण आहे. कातड्यावर हात दाबत आवाज वर चढवणे हे एका ठोक्याच्या संदेशात मावत नाही. सोळा पॅडांच्या बऱ्याच कंट्रोलरना दाबाची जाणीव असते. तो दाब सुराच्या चढाशी जोडला तर बोटाने घुमारा काढता येतो. काठीच्या ऑक्टोपॅडवर हे साधत नाही, तिथे चढत्या घुमाऱ्याचा वेगळा नमुना एका पॅडवर ठेवावा लागतो. म्हणून कोणता पॅड चांगला हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. ताशा, हलगी, संबळ वाजवणारा हात काठीचा आहे, त्याने ऑक्टोपॅड सोडू नये. ढोलकी, तबला, पखवाज वाजवणारा हात बोटांचा आणि तळव्याचा आहे, त्याने मऊ, दाब ओळखणारा बोटांचा पॅड घ्यावा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरदार: माऊसने हे सगळे फुकटात होते, आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. नाचाच्या गाण्यात हे बऱ्याच अंशी खरे आहे. 2024 साली गाजलेल्या क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने दाखवून दिले की मराठी शब्द आणि हाउसचा काटेकोर ठोका एकत्र छान चालतात. डीजेला एका गाण्यातून दुसऱ्यात जायचे असते, त्यासाठी किक रेषेवरच हवी. ती माऊसनेच मांडावी. पण त्या किकच्या वर वाजणारी हलगी किंवा ढोलकीही रेषेवर बसवली की दोन्ही एकमेकांत बुडतात. रेषेवरची किक आणि तिच्या मागेपुढे खेळणारी हलगी यांच्यातल्या तणावावरच पाय उचलतो. शिवाय माऊसने प्रत्येक बोलाचा जोर आणि वेळ हाताने बदलत बसले तर चार मिनिटांच्या गाण्याला रात्र पुरत नाही. तेच काम जाणता हात पॅडवर गाण्याच्या लांबीएवढ्या वेळात करतो. दुसरा आक्षेप लूपचा: तयार ढोल-ताशाचे पॅक मिळतात, ते खऱ्या वादकांनीच वाजवलेले असतात. असतात, पण ते वादक आपले गाणे ऐकत वाजवत नसतात. लूपला माहीत नसते की दुसऱ्या कडव्यात गायिकेने श्वास कुठे घेतला. म्हणून एकच ढोल दहा गाण्यांत ऐकू येतो, आणि ओळीच्या शेवटी जिथे तिहाई यायला हवी तिथे लूप नुसता पुढे चालत राहतो.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि त्याला झटकन उत्तर देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पॅड आणि संगणक आले की माणसे कमी लागतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे घडले आहे. ग्रेगरी बूथ यांच्या 2008च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात त्या वादकांच्याच तोंडून ही कहाणी येते: एका खोलीत एकत्र वाजवणारा मोठा ताफा कसा आकसत गेला आणि कामे सिंथ व प्रोग्रॅमिंगकडे कशी गेली. हे नुकसान खरे आहे. मात्र नुकसान कोणत्या यंत्राने केले हे वेगळे करून पाहावे लागेल. प्रोग्रॅम केलेला ठोका आणि विकत घेतलेला लूप यांना वाजवणारा लागत नाही. पॅडला लागतो. बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड शिरला तेव्हा ढोल-ताशे बाहेर गेले नाहीत, ते शेजारीच राहिले, कारण पॅड वाजवणाराही त्याच पार्टीतला, त्याच तालमीत तयार झालेला माणूस होता. मोठ्या पैशांच्या कामातही माणसाच्या हाताची किंमत संपलेली नाही: 2016च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन खऱ्या वादकांकडून रेकॉर्ड करून घेतला. छोट्या खोलीतल्या रेकॉर्डिंगला वाद्यवृंद परवडणार नाही, पण ओळखीच्या ढोलकीपटूला दोन तास बोलावून पॅडवर वाजवायला सांगणे परवडते. त्याला ठरलेली बिदागी द्यावी, आणि त्याने वाजवलेली मिडी दुसऱ्या गाण्यात वापरली तर पुन्हा द्यावी. मिडीची फाइल काही किलोबाइटची असते आणि क्षणात कुठेही जाते, म्हणून हे आधीच बोलून घ्यायला हवे.

एक अडचण अशी आहे जी कोणा एकट्याला सोडवता येणार नाही. 1991 साली ठरलेल्या जनरल मिडीच्या तालवाद्यांच्या यादीत 35 ते 81 या क्रमांकांवर 47 आवाज आहेत. त्यांत क्युबाचे कोंगा आणि टिंबालेस आहेत, ब्राझीलचा क्विका आहे, शिट्टीसुद्धा आहे. तबला, ढोलकी, पखवाज यांतले काहीच नाही. म्हणून कोणतेही पाश्चात्त्य ड्रमचे सॉफ्टवेअर उघडले की 36व्या क्रमांकावर किक आणि 38व्यावर स्नेअर मिळणार हे ठरलेले असते, आणि ढोलकीचे बोल मात्र प्रत्येक पॅकमध्ये वेगळ्या जागी सापडतात. एका ठिकाणी वाजवलेली मिडी दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्यांवर लावली की ‘धा’च्या जागी ‘ति’ वाजतो. उपनगरातले आठ-दहा वादक आणि रेकॉर्डिंग करणारे एकत्र बसले तर हे एका रविवारात सुटण्याजोगे आहे. खालच्या रांगेत मोठ्या तोंडाचे चार आवाज ठेवावेत: खुला, बंद, चढता घुमारा, उतरता घुमारा. त्यावर लहान तोंडाचे किनारीचे आणि शाईचे बोल, तिसऱ्या रांगेत दोन्ही हातांचे जोडबोल, सर्वांत वर टाळ, मंजिरी, हलगीची काठी आणि टाळी. काठीच्या आठ पॅडांसाठी याच मांडणीतल्या पहिल्या आठ जागा घ्याव्यात, म्हणजे ऑक्टोपॅडवरची मिडी बोटांच्या पॅडवर तशीच चालेल. नमुने घ्यायला शांत जागा हवी, ती सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेच्या वर्गात मिळू शकते. ढोलकी तीन पट्ट्यांत लावून घ्यावी, प्रत्येक बोल पाच वेळा, हलका ते जोरकस. आणि ज्याच्या हाताचे ते बोल आहेत त्या वादकाचे नाव फाइलच्या नावातच लिहावे, म्हणजे ती कितीही संगणकांवर फिरली तरी नाव तिच्याबरोबर जाईल.